सहावीची तेलटंचाई

राजेश्वरी बाईंनी सोमवारी सकाळी शाळेत दोन देश स्थापन केले आणि दुपारच्या खिचडीपर्यंत त्यांतला एक कंगाल झाला.

बाईंचा हेतू चांगला होता. बहुतेक देश चांगल्याच हेतूनं स्थापन होतात. बेंबळीच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत वळलं की लागणाऱ्या त्या लहान गावात सातवीपर्यंत शाळा होती आणि तिथं दरवर्षी फेब्रुवारीत खाऊबाजार भरायचा. पोरांनी करायचं आणि गावानं विकत घेऊन खायचं. गेल्या वर्षी एका वजनदार पालकांनी पाचशेची नोट हातात धरून सगळ्या टेबलांवरनं चक्कर मारली. सुटे कुणाकडंच नव्हते. त्यामुळं ते सगळीकडं खात गेले आणि नोट जशीच्या तशी घरी घेऊन गेले. म्हणून यंदा खरा पैसा बंद, असं बाईंनी जाहीर केलं. सहावी हा एक देश आणि सातवी हा दुसरा. चिठ्ठ्या टाकून संपत्ती वाटली. सहावीला शाळेची परसबाग आली, म्हणजे कांदा, मिरची, पालक, गाजर, शिवाय बेसनाचा मोठा डबा. सातवीला शेगडी, कढई, तेलाचे डबे आणि चुरमुऱ्यांचं पोतं आलं. प्रत्येकानं आपापलं चलन ठरवायचं, आठवडाभर एकमेकांशी व्यवहार करायचा आणि शनिवारी गावाला फुकट जेवू घालायचं. ज्या देशाचे द्रोण जास्त रिकामे होतील, तो देश परंड्याचा किल्ला बघायला जाणार. सहल एकाच वर्गाची, कारण ठरवलेली जीप एकच होती.

सहावीची मॉनिटर शिवांजली हिला परंड्याला जायचंच होतं. किल्ल्यावरच्या तोफेच्या तोंडात डोकं घालून ओरडलं की काय आवाज होतो, हे तिला ऐकायचं होतं. सातवीचा कृष्णराज गेल्या वर्षी तिथं जाऊन आला होता, तोफेत ओरडलाही होता. कसं वाटलं, असं कुणीही विचारलं की तो डोळे बारीक करून म्हणायचा, "ते सांगून कळत न्हाय." वर्षभर हे ऐकून शिवांजलीचं डोकं उठलं होतं.

सहावीनं चलन म्हणून चिंचोके ठरवले. शाळेच्या आवारात चिंचेचं झाड होतं, नुकतीच चिंच झोडपून झाली होती आणि खाली चिंचोक्यांचा सडा होता. आपण जन्मापासूनच श्रीमंत आहोत, असं सहावीला वाटलं. सातवीचा मॉनिटर कृष्णराज यानं दप्तरातनं एक पिशवी काढली आणि टेबलावर ओतली. बाटलीची पत्र्याची झाकणं होती, कडेला दाते असलेली. पोरं त्यांना बिल्ले म्हणत. कृष्णराजच्या चुलत्याचा लातूर रस्त्यावर ढाबा होता.

बाईंना वाटलं, सोड्याच्या बाटलीचे असतील. बाई कळंबच्या, घरात सगळे माळकरी. त्यांच्या लहानपणी सोड्याला असलीच झाकणं असायची. आता सोडा प्लास्टिकच्या बाटलीत येतो आणि पत्र्याचं झाकण जवळजवळ एकाच पेयाला उरलंय, हे त्यांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. सातवीच्या पोरांना ठाऊक होतं. त्यांनी बाईंच्या ज्ञानात भर घातली नाही.

शिवांजली ओंजळभर चिंचोके घेऊन तेल आणायला गेली.

"घेत न्हाय," कृष्णराज म्हणाला.

"का?"

"झाडाखाली बसलं की डोक्यात पडत्यात चिंचोके. म्या त्याचं काय करू? बिल्ले आन, तेल ने."

"बिल्ले कुठनं आनू?"

"ते तुझ्या देशानं बगायचं."

शिवांजली तडक बाईंकडं गेली. कृष्णराजला दोन छड्या बसतील अशी तिची अपेक्षा होती. बाईंचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'परकीय चलन' असं लिहिलं आणि सहावीला समजावून सांगितलं, की बघा, आपल्या देशात माणसं आहेत, जमीन आहे, माल आहे, खाणारी तोंडंही आहेत, तरी देश पुढं सरकत नाही. कारण तेल बाहेरून आणावं लागतं आणि बाहेरचा दुकानदार आपली नोट घेत नाही. त्याला त्याची नोट पाहिजे. ती आपल्याला छापता येत नाही, कमवावी लागते. जगातले कितीतरी गरीब देश असेच अडलेत.

"कमवायची कशी, बाई?" शिवांजलीशेजारी बसणाऱ्या मिनाजनं विचारलं.

"त्यांना काहीतरी विकून."

"त्यास्नी भजी पायजेत."

"मग भजी विका."

"भज्याला तेल लागतंय, बाई."

बाईंनी खडू खाली ठेवला. "बस," त्या म्हणाल्या, "आता तुम्हाला धडा कळला."

शिवांजलीला धडा कळला होता. तेल मिळालं नव्हतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिचे आजोबा आण्णासाहेब ओसरीवर भाकरी खात होते. आण्णासाहेब हे गावाच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष. गावात कुणाच्या तोंडाला वास आला तर आधी त्याच्या बायकोला आणि मग आण्णासाहेबांना कळायचा. शनिवारच्या खाऊबाजाराचे प्रमुख पाहुणेही तेच होते. आजी कडूबाई पलीकडं गोधडीला टाके घालत बसली होती. ती सगळ्या गोधड्या निळ्या दोऱ्यानंच शिवायची. ठिगळ कुठल्याही रंगाचं असो, दोरा निळा.

"आबा, आपल्या घरात बिल्ले असतील का हो?" शिवांजलीनं विचारलं.

आण्णासाहेबांना ठसका लागला. तांब्याभर पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, कसले बिल्ले? शिवांजलीनं सगळं सांगितलं.

"पोरी," आण्णासाहेब म्हणाले, "आपलं घर कसलं हाय? असल्या घरात बिल्ला कुठनं येईल?"

"व्हय ना," कडूबाई सुईत दोरा ओवत म्हणाली, "घरात कुठनं येईल."

मंगळवारी सहावीनं निर्यात सुरू केली. सातवीला भेळ करायची होती आणि भेळेला कांदा लागतो. पहिल्या टोपलीला कृष्णराजनं मूठभर बिल्ले दिले. दुसऱ्या टोपलीला त्याच्या निम्मे. तिसरी टोपली आली तेव्हा तो म्हणाला, "आता कांद्यात लोळू का आमी?" सगळा कांदा विकून जे बिल्ले आले त्यात डब्याच्या तळापुरतंही तेल आलं नसतं. शिवाय आता भज्यांना कांदा उरला नव्हता. पालक आणि मिरचीवरच भागवायचं ठरलं.

इकडं देशांतर्गत परिस्थितीही बिघडली. परसबागेला पाणी घालायला सोमवारी पाच चिंचोक्यांत पोरं तयार होती. मंगळवारी त्याच कामाला ओंजळ मागायला लागली. कारण बिल्ले मिळत नाहीत म्हटल्यावर जो तो झाडाखाली बसून चिंचोकेच गोळा करत होता. संध्याकाळी एकानं टॉवेलभर चिंचोके देऊ केले तरी कुणी पेन्सिलीला टोक करून दिलं नाही.

मग मिनाजला तिचा भाऊ आरिफ आठवला. आरिफ लातूर रस्त्यावरच्या त्याच ढाब्यावर कामाला होता. बिल्ल्यांचा उगमच तिथं. त्यानं रात्रपाळी संपवून येताना बहिणीसाठी शर्टाच्या खिशातनं थोडे बिल्ले आणले. बुधवारी सकाळी सहावीत दिवाळी होती. बाईंनी फळ्यावर एक रेघ ओढून लिहिलं की परदेशी गेलेला माणूस घरी चलन पाठवतो, त्यावर कित्येक देश जगतात. हे वाक्य कृष्णराजनं खिडकीतनं ऐकलं आणि दुपारी चुलत्याला सांगितलं. चुलत्यानं आरिफला बोलावून बजावलं, की ढाब्यावरचा बिल्ला ढाब्यावर राहील, नाहीतर तू घरी राहशील. मिनाजनं ही बातमी वर्गात रडत सांगितली.

राहता राहिलं कर्ज.

कर्ज मागायला शिवांजलीला स्वतः सातवीच्या वर्गात जावं लागलं. कृष्णराज बाईंच्या खुर्चीत बसला होता. पायांखाली तेलाचा डबा होता. त्यानं बिल्ले द्यायचं कबूल केलं, पण अटींवर. सातवीचा वर्ग सहावीनं झाडायचा. शुक्रवारी शाळा सुटायच्या आत व्याजासकट परतफेड करायची, नाहीतर परसबाग सातवीची. आणि पहिलीच्या पोरांना सहावी रोज फुकट गाजरं वाटते ते बंद करायचं.

"गाजरानं तुझं काय बिघडलं?" शिवांजलीनं विचारलं.

"कर्ज काढून गाजरं वाटायची न्हाय," कृष्णराज म्हणाला. "शिस्त पायजे."

बाईंकडं तक्रार गेली. बाईंनी सांगितलं, की खऱ्या जगातही कर्ज देणारे असंच बोलतात. एवढं बोलून त्या पुन्हा तपासायच्या वह्यांकडं वळल्या. शिवांजलीनं सही केली.

गाजरं बंद झाल्याचं पहिलीला कळायला फार वेळ लागला नाही. पहिलीतला बिरू हा धनगरवाड्यावरचा पोरगा, पुढचे दोन दात पडलेला, पण आवाज मोठा. त्यानं सगळी पहिली सहावीच्या दारात आडवी बसवली. घोषणा एकच होती, "गाजल द्या." सहावीच्या पोरांना शू करायला जायचं झालं तरी पहिलीच्या डोक्यावरून पाय टाकून जावं लागत होतं. शेवटी मिनाजनं मागच्या खिडकीतनं बिरूला गुपचूप एक गाजर दिलं. तो तिथंच फुटला आणि आंदोलन मिटलं.

तर अशा रीतीनं कर्जाचे बिल्ले आले, बिल्ल्यांचं तेल आलं आणि शेगडीची वेळही मिळाली. शनिवारी भजी बिघडू नयेत म्हणून आधी एक घाणा तळून चव बघावी, असं सहावीतल्या कुणीतरी सुचवलं. शिवांजलीला ते पटलं. पालकाची भजी तळली, वास वर्गभर पसरला. मीठ कमी आहे असं एकानं सांगितलं. म्हणून दुसरा घाणा काढला. आता जास्त आहे असं दुसऱ्यानं सांगितलं. चव बघणारे बरेच निघाले. वर्गाच्या दारात तेलाचा रिकामा डबा दिसला तेव्हा सहावीची तोंडं पुसून झाली होती. कर्ज डोक्यावर, तेल पोटात आणि शनिवार उंबऱ्यावर.

"आपल्याकडं सगळं हाय," शिवांजली मिनाजला म्हणाली, "फकस्त त्यांचं न्हाय."

गुरुवारी सहावीनं दप्तरं रिकामी केली आणि बिल्ल्यांसाठी गाव पालथा घातला.

इथून पुढचं जे झालं त्याला पोरं जबाबदार नव्हती. ती फक्त शोधत होती. बसथांब्याच्या मागं बिल्ले सापडले. ओढ्याकाठच्या बाभळीखाली सापडले. पाण्याच्या टाकीखाली सापडले, आणि तिथं कोण बसतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. सापडलेला प्रत्येक बिल्ला पोरं ओरडून एकमेकांना सांगत होती, आणि कुठं सापडला तेही सांगत होती. बलभीमच्या गंजीमागं सात-आठ बिल्ले सापडले तेव्हा बलभीमची बायको शेजारीच गोवऱ्या थापत होती. बलभीमनं दोन वर्षांपूर्वी तुळजापूरला जाऊन सोडली होती. निदान बायकोला तरी तसं सांगितलं होतं. बायकोनं शेणाचा हात धुतला नाही. तशीच घरात गेली.

दुपारपर्यंत गावातल्या बायका पोरांच्या मागं मागं फिरायला लागल्या. पोरगं वाकलं की बाई थांबायची, ते कुणाचं कुंपण आहे बघायची आणि मान हलवायची. पुरुष जागे झाले. कुणी अंगण झाडायला घेतलं, कुणी परसात खड्डा खणला. एकानं तर मुठीत बिल्ले घेऊन ते विहिरीत टाकले आणि त्या आवाजानं विहिरीवरच्या सगळ्या बायका वळल्या. गावातले बिल्ले भराभर नाहीसे झाले. बाजारात बिल्ला दिसेना. कृष्णराजनं तेलाचा भाव दुप्पट केला.

संध्याकाळी गावातली काही मंडळी आण्णासाहेबांकडं गेली. पोरांना आवरा, असं त्यांचं म्हणणं होतं. बलभीमच्या गालावर शेणाचा वाळलेला पंजा होता. तो पुसायचं त्याला सुचलं नव्हतं. आण्णासाहेबांनी सगळ्यांना बसवून घेतलं आणि पोरांचं कौतुक केलं. जे आपल्या समितीला जमलं नाही ते पोरांनी एका दिवसात केलं, असं ते म्हणाले. ज्याच्या दारात बिल्ला नाही त्याला भ्यायचं काय कारण? मंडळी माना खाली घालून गेली.

त्यानंतर आण्णासाहेबांनी नातीला जवळ बोलावलं. "गावातच शोधायलाव न्हव तुमी?" त्यांनी विचारलं. "शेताकडं न्हाय ना जात? शेतात इच्चूकाटा असतुया."

"गावातलंच संपलं, आबा."

"मंग झालं तर. आता अभ्यास कर."

बाईंनाही तोवर बिल्ला म्हणजे काय ते कळलं होतं. बलभीमची बायको स्वतः शाळेत येऊन त्यांचे आभार मानून गेली होती. बाई कानापर्यंत लाल झाल्या. चौदा वर्षांखालच्या पोरांना आपण आठवडाभर कशाची मोजणी शिकवली, हे बेंबळीला वरिष्ठांच्या कानावर गेलं तर काय होईल, याचा विचार करत त्यांनी खिचडीही खाल्ली नाही. पण परतीची वाट उरली नव्हती. पाहुणे ठरले होते, मंडपवाल्यानं खड्डे घेतले होते. रात्रीत त्यांना मार्ग सुचला. शुक्रवारी सकाळी त्यांनी प्रार्थनेनंतर सांगितलं, की हा उपक्रम मुळात व्यसनमुक्तीचाच आहे. पोरांनी गावाचं व्यसन वेचून आणलं, ते शनिवारी सगळ्यांसमोर मांडायचं आणि पाहुण्यांच्या हस्ते त्याला निरोप द्यायचा. सातवीला हे ऐकून हसू आवरेना. सहावीला मात्र हसू आलं नाही, कारण निरोप द्यायला तिच्याकडं काहीच नव्हतं.

शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत शिवांजली घरी आली ती कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसली. परसबाग गेल्यात जमा होती. परंडाही गेला. आता सातवीचं पोरगं दुसऱ्यांदा तोफेत ओरडणार आणि आणखी एक वर्ष डोळे बारीक करून हिंडणार. आण्णासाहेब त्या वेळी घरी नव्हते. ते व्यसनमुक्तीच्या फेरीसाठी बेंबळीला गेले होते.

कडूबाईनं गोधडी बाजूला सारली.

"शिवा, एक काम कर. शेतात मोटारीच्या खोलीत माझी सुईदोऱ्याची डबी ऱ्हायलीया. तेवढी घेऊन ये."

"आबांकडं हाय की किल्ली."

"त्यांच्याकडं एक हाय," असं म्हणून कडूबाईनं चोळीतनं दुसरी किल्ली काढली. "सायकल घेऊन जा. आन एकटी जाऊ नको. मिनाजला घे संगट."

मोटारीच्या खोलीत स्टार्टर होता, जुने पाइप होते, फवारणीचा पंप होता. मागच्या कोपऱ्यात युरियाची एक गोणी होती, तोंड सुतळीनं आवळलेली. कडूबाईची डबी बरोबर त्या गोणीवर ठेवली होती. शिवांजलीनं डबी उचलायला गोणीवर हात टेकला. गोणी वाजली.

दोघींनी सुतळी सोडली. गोणीत बिल्ले होते. मूठभर नाहीत, पिशवीभर नाहीत, गोणीभर. वरचे चकचकीत होते आणि खाली हात घालावा तसे गंजत गेलेले होते, म्हणजे काम बरंच जुनं होतं. आण्णासाहेब काळजी घेणारे शेतकरी होते. बाटल्या ते पडक्या आडात टाकत असत. पण बिल्ला रानात पडला तर बैलाच्या खुरात जातो, म्हणून इतकी वर्षं त्यांनी एक बिल्लासुद्धा बाहेर पडू दिला नव्हता.

शिवांजलीनं गोणीकडं पाहिलं, मग दाराकडं, मग पुन्हा गोणीकडं. तिला सगळं कळलं. तिच्या आबांचा ठसकासुद्धा.

मिनाजनं खोलीच्या छताकडं पाहत सांगून टाकलं, "अब्बांची शप्पत, म्या काय बगितलंच न्हाय."

"काय बगितलं न्हाईस?"

"तेच, जे म्या बगितलं न्हाय ते."

दोघींनी गोणी सायकलीला बांधली, वर कडब्याच्या दोन पेंढ्या टाकल्या आणि शाळेपर्यंत ढकलत आणली. खड्डा आला की कडबा छनछन वाजत होता. वाटेत भेटलेल्या लोकांनी कडब्याचा असा आवाज आधी कधी ऐकला नव्हता, पण गुरुवारनंतर गावात कुणी कुणाला फारसं काही विचारत नव्हतं.

शाळा सुटायला थोडाच वेळ होता. कृष्णराज परसबागेच्या फाटकाला सातवीची पाटी बांधत होता. शिवांजलीनं त्याच्यासमोर गोणी आडवी केली. बिल्ले त्याच्या चपलांवर चढले. कर्ज फिटलं, व्याज फिटलं. तेलाचे सगळे डबे, कढई, झारा आणि शनिवारची शेगडी, सगळं सहावीनं घेतलं, दुप्पट भावानं घेतलं, आणि तरी गोणी अर्ध्याहून जास्त उरली. कृष्णराज आनंदात होता. तो आनंद सुमारे पाच मिनिटं टिकला. त्यानं आपल्याच वर्गातल्या एकाला कांदा चिरायला सांगून चार बिल्ले देऊ केले, तर तो म्हणाला, "चार? पायाखाली बग किती पडल्यात." बिल्ल्याचा चिंचोका झाला होता. आणि तेल विकून झालं होतं.

बाईंनी उरलेली गोणी पाहिली. एवढे बिल्ले कुठून आले हे विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. प्रदर्शनासाठी ती गोणी त्यांना देवानंच धाडल्यासारखी वाटली.

शनिवारी सगळं गाव आलं. पालकाची, मिरचीची, गाजराची भजी कढईतनं निघत होती आणि द्रोण संपत होते. गाजराची भजी कुणी कधी ऐकली नव्हती, पण पहिलीनं ती दोनदा मागितली. सातवीकडं कांदा घातलेले कोरडे चुरमुरे होते. ते खाऊन लोक पाणी मागत आणि पाणी पिऊन सहावीकडं जात. निकाल सांगायची गरज नव्हती. तो द्रोणांच्या ढिगावरून दिसत होता. कृष्णराज स्वतः द्रोण घेऊन सहावीच्या रांगेत उभा होता. त्याचा नंबर आला तेव्हा तो शिवांजलीला खालच्या आवाजात म्हणाला, "वरडायच्या आदी कानावर हात ठेव. लई घुमतंय." वर्षभरात पहिल्यांदा त्यानं ते सांगितलं होतं.

मग आण्णासाहेब भाषणाला उठले. धोतर परीटघडीचं, टोपी कडक. व्यसनानं घरं कशी बसतात, हे त्यांनी चांगलं रंगवून सांगितलं. पहिल्या ओळीत बसलेला बलभीम जमिनीकडं बघत होता. गालावर आता पंजा नव्हता. आण्णासाहेबांनी त्याच्याकडं बोट दाखवलं नाही, पण बोटाची दिशा तीच होती. टाळ्या झाल्या. बाईंनी माईक घेतला आणि सांगितलं, की आता पाहुण्यांच्या हस्ते आपण गावाच्या व्यसनाला निरोप देऊ. मग त्यांनी टेबलावरचं कापड ओढलं.

गोणी बघून आण्णासाहेबांचा हात टोपीकडं गेला.

युरियाची गोणी घरोघर असते, असं त्यांनी मनाला सांगितलं असावं, कारण हात खाली आला. पण बाई थांबायच्या बेतात नव्हत्या. त्यांनी शिवांजलीला पुढं बोलावून माईक तिच्या तोंडाशी धरला. सहावीला परकीय चलनाची एवढी टंचाई होती. त्यातून सहावी बाहेर कशी आली, हे तिनं सगळ्यांना सांगावं.

आण्णासाहेब नातीकडं बघत होते. शिवांजली त्यांच्याकडं बघत होती. तिच्या मागं सहावी होती, पुढं गाव होता, आणि मधे तिचे आबा एकटेच उभे होते. त्यांची टोपी जरा मागं सरकली होती.

"एका मोठ्या मानसानं," शिवांजली म्हणाली, "लई वर्सं थोडं थोडं करून साठवलं हुतं. कुनाला न सांगता. तेच आमच्या कामाला आलं."

"याला म्हणतात बचत," बाई भारावून म्हणाल्या. "कोण आहेत ते?"

"त्यांनी बंद केलंय बाई आता साठवायचं," शिवांजली म्हणाली. मग आजोबांकडं वळून तिनं विचारलं, "व्हय ना, आबा?"

गावाला वाटलं, नात अध्यक्षांचा सल्ला घेतेय. आण्णासाहेबांनी घसा साफ केला. "व्हय," ते म्हणाले. "बंद केलंय." हा शब्द त्यांनी भर मंडपात, माईकवर, समितीच्या सगळ्या सभासदांसमोर दिला. टाळ्या वाजल्या. बलभीमनं सर्वांत जोरात वाजवल्या. का, ते सांगणं अवघड आहे.

निरोपाचा नारळ आण्णासाहेबांच्या हातात देण्यात आला. तो वाढवायला ते गोणीवर वाकले आणि तसेच वाकून राहिले. गोणीच्या तळाशी एक ठिगळ होतं. उंदरानं कधीतरी ती कुरतडली असावी, आणि कुणीतरी आतून दुसऱ्या पोत्याचा तुकडा लावून ती शिवून टाकली होती, एकही बिल्ला रानात पडू नये म्हणून. टाके बारीक होते, एकसारखे होते आणि निळे होते. हे ठिगळ आपण लावलेलं नाही, हे आण्णासाहेबांना पक्कं ठाऊक होतं. वरचा दोरा विटला होता. म्हणजे तेही काम आजकालचं नव्हतं.

नारळ एका फटक्यात फुटला नाही. तिसऱ्यांदा फुटला.

लोक पांगले तेव्हा आण्णासाहेब मंडपाच्या कडेला एका बाकावर बसले होते. कडूबाई हातात भज्यांचा द्रोण घेऊन आली आणि शेजारी बसली. बराच वेळ ती पदरानं वारा घेत राहिली. समोर सहावी जीपमध्ये कोण कुठं बसणार यावरून भांडत होती. मग तिनं द्रोण त्यांच्यापुढं सरकवला.

"खावा की," ती म्हणाली. "तुमच्याच तेलात तळल्यात."